१९८० ते ८४ चे चित्रपट: दोष चित्रपटाचा की आपण बघितलेल्या प्रतीचा?

चाटीगल्ली

नमस्कार मंडळी. सोलापुरात आम्ही दहा-बारा जण महिन्याला एक जुना चित्रपट बघून त्यावर सातशे-आठशे शब्दांचं टिपण लिहायचं ठरवलंय. पहिल्या फेरीत चार घेतलेत: आक्रोश (१९८०), उंबरठा (१९८२), अर्धसत्य (१९८३) आणि दादा कोंडक्यांचा आली अंगावर (१९८२). अडचण अशी की कच्ची टिपणं एकत्र वाचली तर चारही चित्रपटांवर जवळपास एकच मत निघतंय. रंग गुलाबट, चेहरे रुंद, आवाज डब्यातून आल्यासारखा, संकलन तुटक, अभिनय नाटकी. वेगवेगळ्या माणसांच्या चार वेगळ्या कामांवर तेच पाच शेरे येत असतील तर गडबड बघण्यात आहे, अशी शंका येते.

तर विचारायचं असं:
कुठला दोष दिग्दर्शकाच्या नावावर टाकायचा आणि कुठला प्रतीच्या, हे ओळखायचं कसं? एकाच चित्रपटाची दोन-दोन सालं सापडतात, त्यातलं कुठलं धरायचं? त्या वेळची परीक्षणं कुठं मिळतील? आणि दादांवर लिहायचं तर काय लिहायचं? ‘द्व्यर्थी संवाद’ एवढं लिहून झालं की पुढे पेन चालत नाही.

रीळवाला

शंका बरोबर आहे. पाचातले निदान तीन शेरे प्रतीवरचे आहेत. एकेक घेऊ.

चेहरे रुंद दिसतात ते टीव्हीमुळे. त्या काळचे बहुतेक मराठी आणि समांतर हिंदी चित्रपट सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीचे, नव्हते. चौकटीची रुंदी-उंची साधारण १.३७ ला १ अशी, म्हणजे जुन्या टीव्हीच्या ४:३ च्या जवळची. आजचा टीव्ही १६:९. सेटिंग ‘फुल’ किंवा ‘वाइड’वर असेल तर चित्र आडवं ताणलं जातं, बरोबर १.३३ पट. तपासायला गोल वस्तू शोधा: भिंतीवरचं घड्याळ, समोरून नीट दिसणारं गाडीचं चाक, बाजूनं दिसणारी थाळी नको. चित्र थांबवून पट्टी लावा. उभी ९ सेंमी आणि आडवी १२ भरली तर ताणलेलं आहे. सेटिंग ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ करा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येऊ द्यात. ‘झूम’ तर मुळीच लावू नका, त्यात वरून-खालून मिळून पाव चित्र जातं. मग कपाळं कापलेली दिसतात आणि कॅमेरामनला शिव्या बसतात.

उलटंही होतं. स्कोप चित्रपट टीव्हीसाठी ४:३ मध्ये बसवताना दोन्ही बाजू कापतात. दोघं बोलतायत आणि पडद्यावर एकाचं नाकच तेवढं दिसतंय, असं वारंवार झालं तर समजून जा.

आता रंग. सोलापूरच्या उन्हाला दोष देऊ नका, ही रसायनाची गोष्ट आहे. त्या काळच्या रंगीत पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे ज्या फिल्मवर प्रिंट काढतात तिच्यात, तीन रंगद्रव्यांचे थर. त्यातलं निळसर, म्हणजे सायन, सगळ्यात आधी उडतं. उरतं ते गुलाबी-तांबूस. गरम, दमट गोदामात ठेवलेल्या प्रिंटचं हे लवकर होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टिकाऊ रंगांची पॉझिटिव्ह बाजारात आली, पण प्रत्येक निर्मात्यानं तीच वापरली असं नाही. ओळखायची खूण काळ्या रंगात आहे. केस, वकिलाचा कोट, रात्रीचं आकाश बघा. काळं जर तपकिरी-लाल दिसत असेल तर रंग उडालेला आहे, दिग्दर्शकाला ‘धुळकट वातावरण’ वगैरे काही साधायचं नव्हतं. श्रेयनामावलीतली पांढरी अक्षरंही बघा, ती गुलाबी असतील तर प्रश्नच मिटला. टीव्हीवर रंग वाढवून हे सुधारत नाही, गुलाबीच वाढतो. सिंहासनसारख्या (१९७९) काळ्या-पांढऱ्या चित्रपटाला हा रोग नाही, कारण तिथं प्रतिमा चांदीची असते.

तुटक संकलन: हे जरा सावकाश. टॉकीजमधल्या प्रिंटची रिळं असतात. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे १००० फुटांचं रीळ ११ मिनिटांचं. दोन प्रोजेक्टर आलटून-पालटून चालवताना ऑपरेटरला इशारा म्हणून रिळाच्या शेवटी उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपके असतात. पहिला साधारण ८ सेकंद आधी, दुसरा सेकंदभर आधी. प्रिंट सगळ्यात जास्त झिजते ती रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटाला. फाटलं की तेवढं कापून जोडायचं. असं प्रत्येक गावात चार-सहा फूट जात राहिलं तर ४० फूट जायला वेळ लागत नाही, आणि ४० फूट म्हणजे २६-२७ सेकंद. त्यात एखादं वाक्य, एखादं दार उघडणं सहज जातं.

म्हणून तुमच्या प्रतीत ते ठिपके दिसले तर ती टॉकीजसाठीच्या प्रिंटवरून काढलीय असं समजा. आणि ठिपक्यांच्या आसपास उडी असेल तर ती संकलकाच्या खात्यावर टाकू नका. ठिपक्यांपासून लांब, रिळाच्या मधोमध उडी असेल तर मात्र जरूर टाका. (चित्रफितीवरून किंवा व्हीसीडीवरून आलेली प्रत असेल तर आणखी एक: व्हीसीडीच्या एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपासच मावायचं. त्यामुळे चित्रपट भलत्याच जागी तुटायचा, आणि मूळचं मध्यंतर कुठं होतं ते कळेनासं व्हायचं. मराठी चित्रपटात मध्यंतराची जागा ठरवून लिहिलेली असते, ती शोधाच.)

आवाज आणि अभिनयाचं पुढच्या वेळी लिहितो, ते मोठं आहे.

पूर्वभाग

सालाचं सांगतो, ते लहान आहे. राष्ट्रीय पुरस्काराचं वर्ष सेन्सॉर सर्टिफिकेटवरून धरतात, टॉकीजला कधी लागला त्यावरून नाही. वर्षअखेरीला सर्टिफिकेट घेतलं आणि प्रदर्शन पुढच्या वर्षी केलं की दोन सालं तयार. स्मिता पाटीलला चक्रसाठी पुरस्कार १९८० चा, चित्रपट लागला १९८१ ला. उंबरठाचं तेच: सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट १९८१ चा, प्रदर्शन १९८२. आपल्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत ज्याची गाणी पाठ आहेत तो तेलुगू शंकराभरणम फेब्रुवारी १९८० मध्ये लागला, पुरस्कार मात्र १९७९ चे.

तुम्ही प्रदर्शनाचं साल लिहा आणि पुरस्काराचा उल्लेख आला तर ‘१९८१ चा पुरस्कार’ असं वेगळं लिहा. ‘१९८१ साली मिळाला’ असं लिहिलं की चूक, कारण तो प्रत्यक्ष हातात पडतो पुढच्या वर्षी.

आणखी एक. ‘यूए’ हा प्रकार १९८३ पासून आला. त्याआधी ‘यू’ (सगळ्यांसाठी) नाहीतर ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी). त्यामुळे १९८०-८२ च्या चित्रपटाला ‘ए’ दिसलं म्हणून लगेच ‘किती धाडसी’ असं लिहू नका. मधली पायरीच नव्हती की ओ.

सातरस्ता

रीळवाल्यांचं सगळं मान्य. पण प्रतीवर खापर फोडायची सवय लागली की टीका बोथट होते. पटकथेतली खोट प्रिंट उडाल्यानं येत नाही. तुमच्या यादीतल्या तीन चित्रपटांत त्या वेळीही बोललं गेलं असेल आणि आजही बोलायला हवं असं बरंच आहे. मी माझी मतं मांडतो, भांडा.

आक्रोश. दिग्दर्शक आणि छायालेखक एकच, गोविंद निहलानी. लेखन विजय तेंडुलकर. ओम पुरीचा लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर गप्प आहे. ही त्याची ताकद म्हणून सगळे लिहितात. पण प्रश्न विचारा: आदिवासी गप्प आहे आणि त्याच्या वतीनं बोलतोय कोण? भास्कर कुलकर्णी नावाचा तरुण वकील. म्हणजे अन्याय ज्याच्यावर झाला त्याची गोष्ट आपल्याला दुसऱ्याच्या चौकशीतून कळते. दिग्दर्शकाला हे ठाऊक आहे असं मला वाटतं, म्हणूनच सरकारी वकील दुसाने स्वतः आदिवासी दाखवलाय, आणि तो बोलतो पण आपल्या माणसांच्या बाजूनं बोलत नाही. टिपणात लहान्याच्या मौनावर दोन ओळी आणि दुसानेवर एक परिच्छेद लिहा. ‘ओम पुरीचे डोळे बोलतात’ हे वाक्य आता बंद करायला हवं, चाळीस वर्षं सगळे तेच लिहितायत.

अर्धसत्य. श्री. दा. पानवलकरांच्या कथेवर, पटकथा तेंडुलकरांचीच. नायक वेलणकर पोलीस अधिकारी. त्याची घुसमट घरापासून सुरू होते. बाप पोलिसात, आईला मारणारा. नोकरीतली हिंसा घरातूनच आलेली. इथवर चित्रपट फार बारकाईनं चालतो. शेवटी तो रामा शेट्टी या गुंडाचा गळा आवळतो. माझा आक्षेप इथं आहे: दोन तास व्यवस्थेची चिरफाड करून उत्तर एका माणसाच्या हातात दिलं, जे त्याच काळातल्या धंदेवाईक चित्रपटातला नायकही देत होता. याला उत्तर असं की तो नंतर स्वतः जाऊन हजर होतो, त्यामुळे टाळ्यांची जागा उरत नाही. मला ते अर्धंच पटतं. टिपणात दोन्ही बाजू मांडून एक निवडा, ‘शेवट विचार करायला लावतो’ असं लिहून सुटका करून घेऊ नका. रामा शेट्टी झालेल्या सदाशिव अमरापूरकरांचं काम जरूर बघा. मोजके प्रसंग, आवाज वर नेत नाहीत, आणि धाक तिथूनच येतो. अभिनय नाटकी म्हणणाऱ्यानं ते प्रसंग आवाज बंद करून एकदा बघावेत.

उंबरठा. जब्बार पटेल पंढरपूरचे, आपल्या जिल्ह्यातले, म्हणून हात राखून लिहू नका. शांता निसळ यांच्या कादंबरीवर पटकथा, पुन्हा तेंडुलकर. सुलभा महिलाश्रमाची नोकरी घेते, तिथला कारभार बघते, परत येते आणि नवऱ्याचे दुसरीकडे संबंध असल्याचं कळल्यावर घर सोडते. आता बघा: ती गेली ती स्वतःच्या कामाच्या ओढीनं की नवऱ्याच्या वागण्यानं? पहिल्या कारणाची तयारी चित्रपटानं तासभर केलीय, आणि ऐन वेळी दुसरं कारण पुढे केल्यानं तिचा निर्णय ‘बिचारीनं काय करावं’ असा सोपा झाला. नवऱ्याचं प्रकरण नसतं आणि तरीही ती उंबरठा ओलांडून गेली असती तर प्रेक्षकाला खरा घाम फुटला असता. आश्रमातल्या बायकांचे प्रसंग मात्र अजून ताजे आहेत, तिथं दिग्दर्शक कुणालाच देवी करत नाही.

तेंडुलकरांचं नाव तिन्हींत आलं, हे लक्षात आलं का? तीनही शेवट शेजारी ठेवून बघा. माणूस एकटा पडतो आणि टोकाची एक कृती करतो. आणखी एक टिपण त्यावरच होईल.

चाटीगल्ली

सातरस्ता, उंबरठावर आमच्याकडे कडाक्याचं भांडण होणार, आभारी आहे.

रीळवाला, मोजणी केली. एका प्रतीत चाक उभं ९, आडवं १२. सेटिंग बदलल्यावर दोन्ही ९. ठिपके दोन प्रतींत सापडले, एकीत नाहीत. पण काही भाग गळालाय का, हे कळायला मूळ लांबी कुठून काढायची? आणि ते आवाजाचं राहिलंय.

रीळवाला

लांबी सेन्सॉर सर्टिफिकेटवर असते. चित्रपटाच्या आधी जी पाटी येते ती थांबवून वाचा: भाषा, रिळांची संख्या, लांबी मीटरमध्ये, तारीख. डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असेल तर बोर्डानं काट सुचवली होती. एका मिनिटाला २७.४३ मीटर. समजा पाटीवर ३८४० मीटर आहे, तर भागून १४० मिनिटं येतात. तुमची प्रत १३४-१३५ मिनिटांची भरली तरी घाबरू नका: आपल्याकडचा टीव्ही आणि चित्रफीत सेकंदाला २५ चौकटी दाखवायची, चित्रपट २४ चा. त्यामुळे सगळं चार टक्के भरभर पळतं आणि १४० चे १३४.४ होतात. आवाजही किंचित पातळ, वरच्या पट्टीत जातो. गाणं रेकॉर्डशी जुळवून बघितलं तर लगेच कळतं. या हिशेबानंतरही प्रत १२६ मिनिटांचीच असेल तर आठ मिनिटं गेलीत. पाटीच नसेल तर प्रत सुरुवातीलाच कापलीय, बाकीच्यावर भरवसा कमी ठेवा.

काय गेलं हे बघायला गाण्याची चोपडी कामाला येते. टॉकीजबाहेर विकायचे ती. त्यात गाणी क्रमानं, गीतकार-गायकांची नावं आणि ‘पुढे काय? पडद्यावर पाहा’ छापाचं कथानक असायचं. चोपडीत सहा गाणी आणि प्रतीत चार, तर संकलनाच्या वेगाबद्दल शेरा मारू नका. (चोपडीतलं एखादं गाणं मुळातच गाळलेलंही असू शकतं, म्हणून हा एकटा पुरावा नव्हे.)

आवाज. त्या काळी बहुतेक चित्रपट नंतर डब व्हायचे. चित्रीकरणाच्या वेळचा आवाज नुसता खुणेसाठी, खरा आवाज बंद खोलीत पडद्याकडे बघत दिलेला. खुणा: माळावरचा प्रसंग आणि वाऱ्याचा पत्ता नाही, पावलं वाजतात ती फक्त मुख्य पात्राची, गर्दीत तेच दोन-तीन आवाज फिरून येतात, प, ब, म या अक्षरांना ओठ मिटत नाहीत. नट दोनदा अभिनय करतो, एकदा शरीरानं आणि महिन्याभरानं आवाजानं. नाटकी वाटतं ते बऱ्याचदा हे दुसरं. म्हणून ‘अभिनय नाटकी’ लिहिण्याआधी सातरस्ता म्हणाले तसं आवाज बंद करून बघा, मग चित्र न बघता नुसतं ऐका. कुठला अर्धा भाग पडतोय ते कळेल, आणि तेच लिहा. टीव्हीचा ‘सराउंड’ बंद ठेवा. मूळ आवाज मोनो, एकाच पट्ट्यातला; त्याला चार बाजूंनी पसरवलं की संवाद विहिरीतून आल्यासारखे होतात. डब्यातून आवाज येतो म्हणालात ते बहुधा हेच.

सगळंच माफ करू नका, हेही खरं. झूमचा मारा हा त्या काळचा खरा दोष आहे. कॅमेरा पुढे-मागे सरकवायच्या ट्रॉलीचे रूळ टाकायला वेळ आणि माणसं लागतात, झूमला लेन्सवरची एक कडी फिरवावी लागते. ओळखायचं असं: झूममध्ये पात्र आणि मागची भिंत एकत्रच मोठी होतात, त्यांचं आपसातलं अंतर हलत नाही. ट्रॉलीत मागचं सरकतं. एका प्रसंगातले झूम मोजा. तीन मिनिटांत चार-पाच निघाले आणि एकालाही कारण सापडलं नाही, तर बेलाशक लिहा.

टिपणासाठी एकच प्रसंग निवडा, तीन-चार मिनिटांचा. पहिल्यांदा चित्रपट न थांबवता सलग. दुसऱ्यांदा तो प्रसंग थांबवत: शॉट किती, प्रत्येक किती सेकंदांचा, कॅमेरा कुणाच्या उंचीवर, कुणाचं बोलणं कुणाच्या चेहऱ्यावर ऐकवलंय. सातशे शब्दांत कथानक शंभरावर जाऊ देऊ नका.

मॅटिनी_साडेबारा

दादा कोंडक्यांवर कुणीच बोलेना म्हणून मी.

सलग नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव, गिनीज बुकात नोंद, हे सगळे लिहितात. आणि मग ‘द्व्यर्थी’ म्हणून मिटवतात. कसं चालतं ते कुणी लिहीत नाही. दादा आले वगनाट्यातून, वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधून. तिथला नट विनोद टाकतो आणि हशा ओसरेपर्यंत थांबतो. पडद्यावरही त्यांनी तेच ठेवलंय. वाक्यानंतर दोन-तीन सेकंद कुणी काहीच करत नाही, दादा बावळट चेहरा करून उभे. खच्चून भरलेल्या टॉकीजमध्ये ती जागा हशानं भरायची. घरी चार जणांत बघितलं की तीच जागा रिकामी वाटते, आणि टिपणात ‘संथ’ असा शेरा पडतो. घड्याळ लावून त्या जागा मोजा, नियम सापडेल.

दुसरं, कॅमेरा. बहुतेक वेळ गुडघ्यापासून वर, दोन-तीन माणसं एका चौकटीत, रंगमंचासारखी. आळस म्हणा, पण द्व्यर्थी विनोदाला ऐकणाऱ्याचा चेहरा त्याच क्षणी दिसायला लागतो. तोडून जवळचा शॉट लावला की विनोद उशिरा पोचतो. तिसरं, दुसरा अर्थ संवादात कधीच नसतो, तो प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होतो. सेन्सॉरला कापायला शब्द सापडत नाही. दादांची नायिका उषा चव्हाण हिचं काम बघा, तो दुसरा अर्थ तिला कळलाय की नाही हे ती शेवटपर्यंत उघड करत नाही.

जुन्या परीक्षणांचं: हिराचंद नेमचंद वाचनालयात आधी चौकशी करा, कुठल्या वर्तमानपत्रांच्या कुठल्या वर्षांच्या फायली बांधून ठेवल्यात. शोधताना मुंबईची प्रदर्शनाची तारीख धरून सोलापूरच्या फायली चाळू नका. प्रिंटा मोजक्या असायच्या, आपल्याकडे चित्रपट नंतर यायचा. जाहिरातीच्या पानावर ‘आठवडा पहिला’ शोधा, मग त्याच्या मागचा-पुढचा रविवार. साप्ताहिकांत ‘माणूस’ आणि ‘रसरंग’चे अंक. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात कात्रणं आणि चोपड्या आहेत. जाण्याआधी कळवा, चित्रपटांची नावं आणि सालं लिहून न्या, सर्टिफिकेटचं सालही.

सातरस्ता

मॅटिनी, चेहरा त्याच क्षणी दिसायला हवा हे पटलं. पण ‘दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यात’ हा बचाव फार जुना आहे. कॅमेरा कुठं रेंगाळतो हेही मोजा की. विनोद ऐकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर की इतरत्र? शब्दाला दोन अर्थ असतात, कॅमेऱ्याला एकच.

मॅटिनी_साडेबारा

मोजू. चाटीगल्ली, तुमच्या प्रतीत गाण्यांचे शॉट आणि संवादांचे शॉट वेगवेगळे मोजा, एकत्र करू नका. माझा अंदाज, तक्रार गाण्यांत जास्त निघेल.

चाटीगल्ली

ठीक. आली अंगावर शेवटी ठेवतो, आधी आक्रोश. टीव्ही ४:३ वर, सराउंड बंद, पट्टी आणि घड्याळ हातात. पहिला प्रसंग दुसानेचा घेतो, आकडे इथंच टाकतो.